मास्कमागचा आवाज पोचतो, मग शब्द कुठे जातो?

मेडिकलच्या दुकानात संध्याकाळची गर्दी आहे. फ्रीज घुरघुरतोय, बाहेर हॉर्न चालू आहेत, आणि काउंटरपलीकडचा माणूस मास्कमागून सांगतो, "बाळाला दिवसातून दोनदा सहा थेंब." आजी मान हलवतात. घरी येऊन सुनेला सांगतात, "दहा थेंब म्हणाला." आजींना तसं बरं ऐकू येतं आणि दुकानदारही काही पुटपुटला नव्हता. आवाज व्यवस्थित पोचला होता. पोचला नाही तो फक्त एक "स".

करोनाच्या काळात "मास्कमुळे ऐकू येत नाही" हे वाक्य घरोघरी झालं. मास्क आवाज अडवतो असा त्याचा सरळ अर्थ आपण घेतला, आणि उपाय म्हणून मोठ्यानं बोलायला लागलो. पण शांत खोलीत समोरासमोर बसून बोललं, तर मास्क असूनही बहुतेक सगळं कळतं. गोंगाटात उघड्या चेहऱ्यानं बोललं, तरीही बरंचसं कळतं. गाडी अडते ती दोन्ही एकत्र आले की. मास्कनं झालेलं नुकसान शांतता भरून काढते आणि गोंगाटानं झालेलं नुकसान चेहरा भरून काढतो. दोन्ही एकदम गेले, तर भरून काढायला काही उरत नाही. हे नेमकं कसं घडतं ते समजलं, तर दवाखान्यात, बँकेत, वर्गात आपण बोलतो त्यात बराच फरक पडू शकतो.

आधी आवाजाचं बघू. आपल्या बोलण्यात सगळ्या ध्वनींना सारखी ताकद नसते. अ, आ, ई, ओ हे स्वर दमदार असतात आणि त्यांची बरीचशी ऊर्जा खालच्या पट्टीत, साधारण १००० हर्ट्झच्या आत असते. शेजारच्या खोलीत कोणी बोलत असलं की भिंतीतून जी नुसती गुणगुण येते ती मुख्यतः स्वरांची. व्यंजनं नाजूक असतात. "स"चा सीत्कार ४००० हर्ट्झच्या वर जोर धरतो, "श"चा त्याहून थोडा खाली. त, ट, क यांचे स्फोट डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. आता सहा आणि दहा, वीस आणि तीस, साठ आणि आठ हे शब्द शेजारी ठेवून पाहा. स्वर तेच आहेत, सगळा फरक एका व्यंजनाचा आहे. म्हणजे आवाजाचा दम स्वरांत आणि शब्दाची ओळख बरीचशी व्यंजनांत. "आवाज येतो हो, पण काय म्हणतात ते कळत नाही" ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार शब्दशः खरी असते.

मास्क नेमकी ही नाजूक बाजू पकडतो. १००० हर्ट्झच्या खाली त्याचा परिणाम जवळजवळ नसतो, २००० च्या वर तो जाणवू लागतो. २०२० मध्ये झालेल्या मोजमापांत साध्या सर्जिकल मास्कनं वरच्या पट्टीतला आवाज ३ ते ४ डेसिबलनी कमी झाला, एन-९५ नं सुमारे १२ डेसिबलपर्यंत. डेसिबलचा हिशोब साधी वजाबाकी नसतो. ३ डेसिबल गेले म्हणजे ऊर्जा निम्मी झाली, १२ गेले म्हणजे सोळावा हिस्सा उरला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वेगवेगळे मास्क तपासले गेले. सर्जिकल मास्क आवाजाच्या दृष्टीनं सगळ्यात बरा निघाला. कापडी मास्कचं गणित विणीवर अवलंबून होतं, विरळ सुती कापड ठीक, घट्ट विणीचं डेनिम वाईट. सगळ्यात जास्त आवाज अडवला तो पारदर्शक खिडकीच्या मास्कनी आणि तोंडापुढच्या प्लास्टिकच्या शील्डनी. पुण्यात दुचाकीवर चेहऱ्याभोवती जो स्कार्फ गुंडाळतात त्याचे तर तीन-तीन पदर होतात, वर हेल्मेट. मागे बसलेल्याशी बोलणं का जमत नाही, हे वेगळं सांगायला नको.

अंतराचा विषय मात्र आपण तेव्हा सगळेच विसरलो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी घटतो. "दो गज दूरी, मास्क है जरूरी" या घोषणेतली दोन गजांची दूरी, म्हणजे एरवी हातभर अंतरावरून बोलणारा माणूस पावणेदोन मीटरवर जाणं, आवाजाला सर्जिकल मास्कपेक्षा जास्त महागात पडत होती. त्यात बँकेच्या आणि तिकीट खिडकीच्या काचा आल्या. दोष सगळा मास्कच्या नावावर लागला.

आता गोंगाट. बोलणं कळणं हे आवाज किती मोठा आहे यावर ठरत नाही, भोवतीच्या गोंगाटापेक्षा तो किती वर किंवा खाली आहे यावर ठरतं. बोलणं गोंगाटाच्या बरंच वर असेल, तेव्हा आणखी वर नेऊन काही फायदा नसतो, कारण सगळंच कळत असतं. पण दोन्ही जवळजवळ सारख्या पातळीवर आले की फार थोड्यानं फार फरक पडतो. वाक्यं ऐकवून घेतलेल्या चाचण्यांत या टप्प्यावर बोलणं एका डेसिबलनं जरी घटलं, तरी कळणाऱ्या शब्दांचं प्रमाण १० टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त खाली येतं. मास्कचे ३-४ डेसिबल शांत घरात का जाणवत नाहीत आणि गजबजलेल्या ओपीडीत का नडतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

गोंगाटाच्या जातीही असतात. शेजारी एकच माणूस बोलत असेल तर त्याच्या बोलण्यात फटी असतात. तो श्वास घेतो, थांबतो, आणि तेवढ्या फटींतून आपण आपल्या माणसाचे शब्द टिपतो. दहा माणसं एकदम बोलायला लागली की फटी बुजतात. पंख्याचा किंवा जनरेटरचा आवाज सलग असतो, तिथे फटी मुळातच नसतात. बोलणं ओळखीच्या भाषेत असेल तर आणखी एक त्रास होतो. कानाला काही अडचण नसली तरी मन तिकडे ओढलं जातं. मराठी ऐकताना मागे कोणी मराठीतच बोलत असेल तर ते न समजणाऱ्या भाषेतल्या बडबडीपेक्षा जास्त छळतं. आणि आपल्याकडच्या रुग्णालयांचे व्हरांडे, शाळांचे वर्ग पाहा. खाली फरशी, भिंतींना छातीपर्यंत टाइल्स, वर सिमेंटचा स्लॅब, मऊ असं काहीच नाही. तिथे प्रत्येक शब्द आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. कागदावर म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घातली आहे. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबलचं असतं. ती मर्यादा खरोखर पाळली गेली, तर या लेखातल्या निम्म्या अडचणी रुग्णालयात उरणार नाहीत.

इतकं गमावूनही आपण रोज निभावून नेतो, ते मेंदूमुळे. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या शास्त्रज्ञानं एका इंग्रजी वाक्यातल्या "लेजिस्लेचर्स" या शब्दातला एक "स" कापून काढला आणि तिथे खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना तो "स" स्पष्ट ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला होता, हेच त्यांना सांगता येईना. मेंदू गाळलेली जागा अशी भरतो की भरल्याचं आपल्याला कळतही नाही. "चहात साखर घालू का" यातला "स" वाऱ्यावर गेला तरी काही बिघडत नाही, चहात दुसरं काय घालणार? पण आकडे, माणसांची नावं, औषधांची नावं यांना असा मागचापुढचा आधार नसतो. "सहा थेंब" आणि "दहा थेंब" दोन्ही तितकेच खरे वाटतात. मेंदू इथेही जागा भरतोच, आणि आपण तितक्याच खात्रीनं चुकीचा आकडा ऐकतो. मला या सगळ्यात सर्वात काळजीची गोष्ट हीच वाटते. न ऐकलेला माणूस विचारतो तरी, चुकीचं ऐकलेला विचारत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर डोळ्यांत आहे. ओठ वाचणं हे फक्त बहिऱ्यांचं काम आहे असं आपण समजतो, पण गोंगाटात सगळेच ओठ वाचतात, फक्त ते आपल्या ध्यानात येत नाही. १९५४ मध्ये सम्बी आणि पोलॅक या अमेरिकन संशोधकांनी चांगल्या कानाच्या लोकांना गोंगाटात शब्द ऐकवले, कधी बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल असे, कधी न दिसेल असे. गोंगाट जसजसा वाढला तसतसा चेहरा दिसण्याचा उपयोग वाढत गेला.

हे का होतं ते समजायला आपली वर्णमाला फार सुंदर उपयोगी पडते. शाळेतला तक्ता आठवा. क ख ग घ ङ ही एक ओळ, मग च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, आणि शेवटी प फ ब भ म. आडवी ओळ सांगते की आवाज तोंडात कुठे अडतो: घशाकडे, टाळूला, दातांशी की ओठांवर. उभा स्तंभ सांगतो की तो कसा निघतो: गळ्यात कंप आहे का, सोबत हकाराची फुंकर आहे का, हवा नाकातून जाते का. १९५५ मध्ये जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी इंग्रजीतल्या १६ व्यंजनांवर गोंगाटाचा काय परिणाम होतो ते तपासलं. गळ्यातला कंप आणि नाकातला ध्वनी गोंगाटात बराच टिकून राहिला. तोंडात आवाज कुठे अडला, ही माहिती मात्र लवकर बुडाली. आपल्या तक्त्याच्या भाषेत, गोंगाट ओळ पुसतो, स्तंभ ठेवतो. प, त आणि क यांत घोळ होतो, म आणि न यांत घोळ होतो, पण प आणि म यांत सहसा होत नाही.

आणि डोळ्यांना दिसते ती ओळच! "माती" म्हणताना ओठ मिटतात, "नाती" म्हणताना मिटत नाहीत. "वीस"ला खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो, "तीस"ला जात नाही. उलट प, ब आणि म ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात, त्यांच्यातला फरक डोळ्याला कधीच कळणार नाही. तो कान सांगतो. कानाचं जे बुडतं ते डोळ्याकडे असतं आणि डोळ्याकडे जे नसतं ते कान सांभाळून ठेवतो. दोन इंद्रियांनी कामाची इतकी नेटकी वाटणी केलेली आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

१९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी या वाटणीचा एक चकित करणारा पुरावा दिला. त्यांनी "बा बा" हा आवाज "गा गा" म्हणणाऱ्या चेहऱ्यावर बसवला. बघणाऱ्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांना "दा दा" ऐकू आलं, जे कोणी म्हटलंच नव्हतं. तक्त्यात ब, ग आणि द शोधा. तिन्ही एकाच, तिसऱ्या स्तंभात आहेत. कानानं सांगितलेला स्तंभ मेंदूनं मान्य केला आणि ओळीच्या बाबतीत कान-डोळ्यांत तडजोड केली.

मास्क चढला की डोळ्यांची साक्षच बंद होते. शांततेत तिची फारशी गरज नसते. गोंगाटात ओळ कानालाही कळत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. महाप्राणांचं तर दोन्हीकडून मरण आहे. ख, थ, फ यांतली हकाराची फुंकर मुळात हलकी, गोंगाटात लपणारी, आणि ओठांवर ती कधी दिसतच नाही. शिवाय चार-पाच मास्कधारी डॉक्टर राउंडला एकत्र येतात, तेव्हा बोलतंय कोण हेच आधी कळत नाही. तो माणूस शोधेपर्यंत वाक्याची सुरुवात निघून गेलेली असते.

याची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. वय वाढतं तसं आतल्या कानात वरच्या पट्टीच्या पेशी आधी झिजतात. मास्क जे खातो तेच वयानं आधीच खाल्लेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात १५० कोटींहून जास्त लोकांना काही ना काही प्रमाणात कमी ऐकू येतं आणि त्यांतल्या ४३ कोटींना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. कानाचं मशीन लावलं की प्रश्न मिटला असं घरच्यांना वाटतं, पण मशीन बोलण्यासोबत गोंगाटही वाढवतं. नवी मशीन समोरच्या दिशेचा आवाज जास्त पकडतात, त्यानं मदत होते, पण तरुण कानाची सर त्याला येत नाही. त्यात मास्कचा कानामागचा इलॅस्टिक आणि मशीन यांचा गुंता होतो. मास्क काढताना मशीन निसटून पडतं, आणि ते हरवलं की हजारोंचा फटका बसतो. डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा मास्क वापरला तर हा त्रास वाचतो.

दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्याचंही हेच होतं. शांततेत आपली दुसरी भाषा आपण आरामात समजतो, गोंगाटात ती मातृभाषेपेक्षा खूप लवकर हातची जाते, कारण गाळलेल्या जागा भरायला लागणारा अंदाज तितका पक्का नसतो. मेळघाटातली कोरकू बोलणारी बाई मराठीतून सूचना देणाऱ्या डॉक्टरांपुढे बसते, मुंबईच्या रुग्णालयात केरळहून आलेल्या सिस्टर घाबरलेल्या नातेवाइकांचं भरभर मराठी ऐकतात, तेव्हा दोन्हीकडे हेच ओझं असतं. लहान मुलांची भाषा अजून घडत असते, त्यामुळे गोंगाटात तीही मोठ्यांच्या मानानं लवकर हरवतात. आणि जे बहिरे लोक ओठांवरच अवलंबून आहेत त्यांच्यासाठी मास्क म्हणजे संभाषणच बंद. खुणांच्या भाषेतही बरंचसं व्याकरण चेहऱ्यावर असतं, तेही झाकलं जातं.

एक किंमत अशी आहे की ती त्या क्षणी दिसतही नाही. पॅट्रिक रॅबिट या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं की गोंगाटातून ऐकलेले शब्द लोकांना नीट ओळखता आले, तरी नंतर ते कमी आठवले. ओळखण्यातच शक्ती खर्च झाली, साठवायला उरली नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पेशंटला तेव्हा समजलेलं असतं आणि पायऱ्या उतरेपर्यंत निम्मं गेलेलं असतं. त्याला "लक्ष नव्हतं" म्हणणं अन्यायाचं आहे. उलट त्यानं लक्ष देण्याची पराकाष्ठा केलेली असते.

मग करायचं काय? मास्क काढा असं मी म्हणणार नाही. टीबीच्या वॉर्डात, केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटजवळ, तापाच्या साथीत तो हवाच.

पहिली गोष्ट, ओरडू नका. गोंगाटात आवाज आपोआप चढतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं. थोडा आवाज चढणं उपयोगीच आहे. पण ओरडलं की फुगतात ते स्वर, आणि स्वर आधीच पोचत होते. "दहा" ओरडून सांगितलं तर मोठं "आ" ऐकू येतं. शिवाय मास्कमुळे चेहऱ्यावरचं हसू दिसत नसताना चढलेला आवाज रागाचा वाटतो, आणि घाबरलेला माणूस आणखी कमी ऐकतो. त्यापेक्षा थोडं सावकाश, शब्द न गिळता, वाक्यावाक्याला थांबून बोला. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कापडी मास्क घालून आणि न घालता बोललेलं ध्वनिमुद्रण गोंगाटात ऐकवलं. जाणीवपूर्वक स्पष्ट बोलायला सांगितलं होतं तेव्हाचं मास्कमधलं बोलणं बिनमास्कच्या बोलण्यापेक्षाही जास्त कळलं. बोलणाऱ्यानं मनावर घेतलं तर मास्कच्या कापडानं अडवलेलं तो बरंचसं परत देऊ शकतो.

दुसरी गोष्ट, गोंगाट कमी करा. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही. टीव्ही बंद करा, दोन मिनिटं पंखा थांबवा, दार लोटा, पेशंटला कोपऱ्यात घेऊन बोला. ऐकणाऱ्याची पाठ भिंतीला असू द्या, म्हणजे मागून येणारी बडबड तरी कमी होईल. एक पाऊल पुढे येता येत असेल तर ते कुठल्याही उपकरणापेक्षा स्वस्त आहे. वर्गात किंवा सभेत कॉलरला लावायचा छोटा माइक वापरा. इलिनॉयच्या त्याच मोजमापांत दिसलं होतं की कॉलरवरच्या माइकला मास्कचा फारसा अडथळा होत नाही. शिक्षकांचा घसाही वाचतो.

आकडे मात्र कधीही नुसते सांगू नका. सोबत बोटं दाखवा, गोळ्यांच्या पाकिटावर लिहून द्या, वाचता न येणाऱ्याला सूर्य-चंद्र काढून द्या, सकाळ आणि रात्र कळते. "कळलं का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमी "हो" असतं. मोठ्या डॉक्टरांपुढे "नाही" म्हणायचं धाडस कितीजण करतील? "घरी गेल्यावर कसं द्यायचं ते मला एकदा सांगा बरं" असं म्हटलं की चूक असेल ती तिथल्या तिथे बाहेर येते. ऐकणाऱ्यानंही नुसतं "काय?" विचारू नये. समोरचा तेच वाक्य त्याच पद्धतीनं पुन्हा बोलतो आणि तोच ध्वनी पुन्हा हरवतो. जे ऐकू आलं ते म्हणून दाखवावं, "दहा थेंब, बरोबर?" आणि सांगणाऱ्यानं दुसऱ्यांदा शब्द बदलून सांगावं.

पारदर्शक मास्कबद्दल लोक आवर्जून विचारतात. तो आवाज जास्त अडवतो, लवकर वाफाळतो, तरीही कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी गोंगाटात बोलायचं असेल तर मी त्याच्याच बाजूनं मत देईन, कारण ओठ दिसले की गमावलेल्या ओळी परत मिळतात. वाचा-उपचार घेणाऱ्या मुलांच्या समोर तर तोच हवा.

आणि मास्क नसतानाही लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात, एसटीत बोलणं कळत नसेल, घरात मात्र सगळं ठीक असेल, तर कान तपासून घ्या. नेहमीची तपासणी शांत खोलीत बारीक शिट्ट्यांसारखे सूर ऐकवून होते आणि गोंगाटातली अडचण त्यात पूर्ण दिसत नाही, म्हणून गोंगाटात शब्द ऐकवणारी चाचणी होईल का ते विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही कानांची तपासणी होते. जाताना घरातल्या कोणाला तरी सोबत न्या. आपल्याला काय ऐकू येत नाही, हे घरच्यांना बरेचदा आपल्या आधी कळलेलं असतं.